माझू मायचा हसरा कौल

मित्रांनो, मी एक जुनी कौलजोडी आहे. बांबूच्या मुळीचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा चंद्रकोरीसारखा वाकलेला, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. अंगावर पूर्वी लाल रंग होता, तो आता खाचाखोचांत तेवढा उरला आहे. तुकडे दोन असले तरी मी एकच. चपलांचे असते तसेच समजा. एक हरवली की दुसरीला कोणी चप्पल म्हणत नाही.

माझा मुक्काम चीनमधल्या च्वानचौ शहराच्या दक्षिण टोकाला, चिन नदीच्या जुन्या धक्क्यालगत, दोरवाल्यांच्या गल्लीत. तिथे माझू मायचे देऊळ आहे. माझू माय ही दर्यावर्द्यांची देवी. देऊळ एवढेसे, की तीन माणसे आत गेली तर चौथ्याने उंबरठ्याबाहेरून हात जोडावेत. छपराची टोके मात्र पाकोळीच्या शेपटीसारखी वर वळलेली, अगदी राजवाड्याच्या थाटात.

माझे काम सोपे आहे. लोक मला ओंजळीत धरतात, मायला प्रश्न विचारतात आणि मला फरशीवर टाकतात. एक तुकडा उताणा आणि एक पालथा पडला तर ‘होय’. दोन्ही पालथे पडले तर ‘नाही’. दोन्ही उताणे, म्हणजे सपाट बाजू वर करून पडले, तर माय हसली. म्हणजे प्रश्न नीट नाही, पुन्हा विचार. मोठ्या कामाला सलग तीन वेळा ‘होय’ लागते. एवढाच माझा शब्दसंग्रह. तेवढ्यावर मी शंभराहून अधिक वर्षे नोकरी केली आहे आणि एकदाही बढती मागितलेली नाही.

गेल्या वर्षी मात्र माझ्याच घराचा प्रश्न माझ्यासमोर आला. देऊळ गल्लीत राहणार की जाणार, हे मलाच विचारले गेले. खरे तर तेच सांगायला मी तोंड उघडले आहे. पण आत्मवृत्त जन्मापासून सांगायची पद्धत आहे, आणि पद्धत मोडणारी मी कोण?

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या बांबूच्या बनात झाला. बांबू तराफ्यावर बसून शहरात आले. मुळी कुणाला नको होती. थिआम नावाच्या जहाजसुताराने मला धक्क्यावरच्या चिखलातून उचलले. त्याचा मुलगा समुद्रापलीकडच्या लुझॉन बेटावर गेला होता आणि दोन वर्षे त्याचे पत्र नव्हते. थिआमने नवस केला, ‘माय, पोरगा परत येऊ दे, तुला नवी कौलजोडी करून देईन.’ मुलगा परत आला. बरोबर तीन पेट्या, एक बायको आणि एक सासू घेऊन आला. थिआमने फक्त मुलगा मागितला होता, पण तक्रार केली नाही. त्याने मला सात दिवस कोरले, दोन्ही तुकडे पुन्हा पुन्हा तोलून पाहिले आणि चहाच्या बियांचे तेल चोळून मायच्या पायाशी ठेवले. त्याचे ते अंगठे मला अजून आठवतात. सुताराचा अंगठा म्हणजे पटाशीच. पण माझ्यावरून फिरताना तो लोण्याचा व्हायचा.

मग सुरू झाली कामाची वर्षे. धक्क्यावर शिडे उभी असत. तांडेल यायचे आणि विचारायचे, ‘उद्या निघू का?’ त्यांच्या बायका यायच्या आणि विचारायच्या, ‘कधी येतील?’ आता ‘कधी’ या प्रश्नाला तीन शब्दांत काय उत्तर देणार? मी हसायची. मग त्या बिचाऱ्या डोळे पुसून प्रश्न दुरुस्त करायच्या, ‘थंडीच्या आत येतील का?’ हातांना किती प्रकारचा घाम असतो हे मला तिथे कळले. भीतीचा घाम गार असतो. लग्न जुळवणाऱ्या बाईचा कोमट असतो.

एका आईने मुलासाठी मुलगी पाहिली होती. तिने मला अकरा वेळा टाकले. दहा वेळा ‘नाही’ आले. अकराव्या वेळी ‘होय’ आले तशी ती उठली आणि म्हणाली, “माय आज जरा उशिराच बोलली.” लग्न उत्तम टिकले. सून सासूला पुरून उरली. तेव्हापासून मी माझ्या उत्तरांचा फार गर्व करत नाही.

पुढे एक काळ आला, तेव्हा जुन्या वस्तू ठेवणे हाच गुन्हा झाला. देवळांना एकेक करून कुलपे लागू लागली. घोषणा देत माणसे गल्लोगल्ली फिरू लागली आणि मूर्ती, ग्रंथ, उदबत्त्यांची पात्रे एका ढिगात पडू लागली. एका दुपारी सगळी गल्ली सभेला गेली होती. आमचे दार किलकिले झाले. आत आली सिऊखिम, समोरच्या घरातली पंचवीस वर्षांची सून. तिने माझा एक तुकडा उचलला, दुसऱ्याकडे हात नेला, तेवढ्यात बाहेर पावले वाजली. ती मागच्या खिडकीतून पसार झाली.

पावले होती बिंगहुआतची. गल्लीच्या तोंडाशी शेवयांची पातळ पेज विकणारा हा तरुण. त्याने पाहिले तर चौरंगावर एकच तुकडा. दुसरा कोणीतरी ढिगात टाकला असणार असे समजून त्याने उरलेला बंडीत लपवला. दोघेही वेगवेगळ्या रस्त्यांनी सभेला परत गेले आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

सिऊखिमने माझा उजवा तुकडा खारवलेल्या मोहरीच्या पानांच्या बरणीत, अगदी तळाशी दडवला. बिंगहुआतने डाव्यासाठी याहून भारी जागा शोधली. त्याने तो पेजेच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणाला मूठ म्हणून ठोकला. घोषणा देणारी माणसे रोज सकाळी त्याच्याकडे पेज प्यायला यायची आणि कधीकधी स्वतःच झाकण उचलून बघायची, कालवे किती घातलीत ते. माझू मायचा कौल हातात धरून ती म्हणायची, “जुनं काही ठेवायचं नाही हं!” आणि बिंगहुआत म्हणायचा, “छे छे, पेज अगदी ताजी आहे.”

तेरा वर्षे अशी गेली. माझा एक अर्धा मिठात, दुसरा वाफेत. दोघांची घरे एकाच गल्लीत. ती त्याच्याकडून पेज घ्यायची, तो तिच्याकडून खारी पाने घ्यायचा. म्हणजे माझ्यावरूनच त्यांची देवाणघेवाण चालायची. पण एकानेही तोंडातून अवाक्षर काढले नाही. त्या काळात गप्प बसणे हीच शेजाऱ्यावरची माया होती.

मग कुलपे निघाली. देवळाची झाडलोट झाली. सिऊखिमने सगळ्यांसमोर सदऱ्याआडून माझा खारट तुकडा काढला आणि रडू लागली.

“एवढाच वाचवता आला हो. दुसरा गेला. मी भित्री, मी पळाले.”

बिंगहुआत गर्दीत उभा होता. तो वळला आणि चालू लागला. लोक म्हणाले, याला काय झाले? थोड्या वेळाने तो झाकण घेऊन आला आणि देवळाच्या पायरीवर बसून खिळे उपटू लागला.

“भावजी, हे काय?” सिऊखिमने विचारले.

“वहिनी, तेरा वर्षं तुम्ही माझ्या पेजेला नावं ठेवलीत, खारट आहे म्हणून. आता सांगा, दोघांत जास्त खारट काय निघालं?”

त्या दिवशी गल्लीत जे हसू आणि रडू झाले ते निराळे करून सांगता येणार नाही. पेजेत मात्र त्या दिवशी धूळ पडली, झाकण नसल्यामुळे.

मी पुन्हा एक झाले, पण पूर्वीसारखी नाही. मिठाने एक तुकडा फुगून जड झाला होता आणि वाफेने दुसरा आणखी वाकला होता. थिआमने साधलेला तोल गेला. टाकले की दोन्ही तुकडे पाठीवर लोळायचे. दहातून सहा-सात वेळा मी उताणी, म्हणजे हसरी. गल्लीने त्याचा अर्थ असा लावला, की इतक्या वर्षांनी लेकरे भेटली म्हणून माय खूश आहे. मी खुलासा केला नाही. मला कोणी विचारलेही नाही.

पण त्याने एक गंमत झाली. माय वारंवार हसू लागल्याने लोकांना प्रश्न वारंवार दुरुस्त करावा लागे. ‘धंदा चालेल का?’ या प्रश्नावर मी हसायची. मग ‘माशांचा की दोरांचा?’, मग ‘भावाबरोबर की एकट्याने?’ असे करत करत माणूस मुळाशी यायचा आणि तोवर त्याला उत्तर सापडलेले असायचे. मी नंतर ‘होय’ म्हणायची, ते आपले शिक्का मारल्यासारखे. सगळे श्रेय मायला जाई आणि दोन-तीन संत्री मला.

सिऊखिम देवळाची राखणदार झाली. रोज पहाटे दार उघडायचे, उदबत्ती लावायची, मला पुसायचे. शेजारच्या भिंतीत एक दगड आहे, त्यावर हत्ती कोरलेला आहे. कोण्या परमुलखातल्या व्यापाऱ्यांनी कधी काळी कोरून घेतला असेल. ती त्याच्या सोंडेवर मोहरीची पाने वाळत घालते. नवरा गेला, मुलगा नव्या वस्तीत राहायला गेला, त्याने दहादा बोलावले. ती म्हणायची, “दार कोण उघडणार?” पस्तीस वर्षे तिचे हेच उत्तर होते.

आता गेल्या वर्षीचे सांगते.

शहराने जुना बंदरभाग नीट जपायचा ठरवला आणि ओंगसाहेब नावाचे एक तरुण अधिकारी गल्लीत आले. माणूस चांगला, नम्र, कपाळावर कायम घाम. त्यांनी छपरावर सुतार चढवला. मधल्या तुळईला वाळवीने पोखरले होते. पुढच्या वादळात छप्पर खाली येणार हे नक्की. तेव्हा त्यांनी योजना केली, की माझू माय आणि तिच्या सगळ्या वस्तू धक्क्यावरच्या नव्या वारसा-सभागृहात न्यायच्या. कायमच्या. त्यांनी पंचांग पाहून दिवस ठरवला, मिरवणुकीचे वाजंत्री सांगितले, चौकात बाण काढलेली पाटीसुद्धा लावली. फक्त मायला विचारायचे राहिले. आमच्याकडे माणूस आधी विचारतो आणि मग वाजंत्री सांगतो. साहेबांनी उलटे केले. मोठ्या शहरात शिकून आले होते.

आदल्या दिवशी सकाळी ते देवळात आले. गल्ली मागे जमली.

“आजी, तेवढी औपचारिकता उरकून घेऊ,” ते म्हणाले.

सिऊखिम आजीने मला हातात घेतले. आणि मित्रांनो, तेव्हा मला तिचा तळहात कळला. तो गार होता.

मायबरोबर तिचीही रोजची पहाट जाणार होती. सभागृहाला पगारी रखवालदार होता. आणि एक गोष्ट फक्त तिला आणि मला ठाऊक होती. पस्तीस वर्षांत तिला माझी नस सापडली होती. मला पालथे धरून जमिनीलगतच सोडले, तर मी पालथीच पडते. म्हणजे ‘नाही’. सलग तीन वेळा ‘नाही’ पाडणे तिला कालवे सोलण्याइतके सोपे होते. मग मायला इथून हलवायची कोणाची छाती नव्हती. पण माथ्यावर ती वाळवीची तुळई होती, आणि तिच्याखाली रोज माणसे गुडघे टेकत होती.

तिचे हात क्षणभर खाली आले. जमिनीजवळ थांबले. मी म्हटले, झाले. मग तिने एक श्वास घेतला, हात कपाळापर्यंत वर नेले आणि मला मोकळे सोडले.

“माय, नव्या सभागृहात यायला तयार आहेस का?”

मी उताणी पडले. हसले.

“पुन्हा,” साहेब म्हणाले. पुन्हा हसू. तिसऱ्यांदा हसू. चौथ्यांदाही. साहेबांनी रुमाल काढला.

“ही नेहमीच अशी करते का?”

“प्रश्न वाकडा असला की करते,” बिंगहुआत काका मागून म्हणाले. आता ते शहात्तर वर्षांचे होते, पण जीभ पंचविशीतली. “साहेब, तुम्ही घर बदलताना काय काय विचारता? शेजार कसा, पाणी किती वाजता येतं. तिलाही सांगा की!”

“बरं. तिथं उत्तम सोय आहे. काचेचा देव्हारा आहे.”

“उदबत्ती?”

“धूर चालत नाही काका, आगीची घंटा वाजते. विजेची उदबत्ती आहे. लाल दिवा लागतो.”

“वास?”

“वास... नाही.”

“उघडतं कधी?”

“नऊला. सोमवारी बंद.”

गर्दीतून गल्लीतली कालवेवाली म्हणाली, “आमच्या होड्या पहाटे चारला निघतात. मग मी काय, साहेब, नवऱ्याला सांगू, सोमवारी बुडू नकोस म्हणून?”

गल्ली खदखदून हसली. साहेबही हसले, मग एकदम थांबले. त्यांनी मान वर करून तुळईकडे पाहिले.

“तुम्ही हसा,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण गेल्या वादळात पलीकडच्या वस्तीत असंच एक छप्पर पडलं. मी गेलो होतो तिथं. खाली एक म्हातारे गृहस्थ होते. मला तुमचं देऊळ पळवायचं नाही हो. मला फक्त तुम्ही याच्याखाली नको आहात.”

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिले, पहिल्यांदाच.

“हे आधी का नाही सांगितलंस, बाळा?”

“अर्जात त्यासाठी रकाना नव्हता, आजी.”

“तुळई बदलायला किती दिवस लागतील?”

“शंभर. पण तोवर मूर्ती कुठं ठेवायची म्हणून तर सभागृह...”

“माझी ओसरी आहे की समोर. झाडलेली आहे. उदबत्ती चालते. चारला मी जागीच असते.”

साहेबांनी कपाळ पुसले. “कागदोपत्री तात्पुरतं स्थलांतर दाखवता येईल,” ते म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडचे इतके गोड वाक्य मी त्याआधी ऐकले नव्हते.

आजीने मला उचलले. आता तळहात उबदार होता. “माय, छप्पर होईपर्यंत शंभर दिवस माझ्या ओसरीवर येशील का? आणि मग परत इथंच?”

एक उताणा, एक पालथा. होय.

दुसऱ्यांदाही होय. गल्लीने श्वास रोखला. तिसऱ्यांदा आजीने जरा जोरात टाकले, मी उंबरठ्यावर आपटले. एक तुकडा पालथा होऊन जागीच राहिला आणि दुसरा उड्या मारत निघाला तो थेट ओंगसाहेबांच्या उचललेल्या बुटाखाली.

“पाय टेकवू नका!” सगळे एकदम ओरडले.

साहेब एका पायावर उभे राहिले. पडलेला कौल वाचून होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, हे लहान मूलही जाणते. बिंगहुआत काकांचा चष्मा घरी राहिला होता. तो आणायला ते स्वतःच गेले, आणि सावकाश गेले. बगळ्यासारखे उभे राहून साहेब नुसते डुलत होते. काका आले, चष्मा पुसला, गुडघ्यावर हात टेकून वाकले.

“उताणा आहे. होय!”

“आता पाय ठेवू का?”

“मायला विचारतो, थांबा.”

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. ठरलेलेच वाजंत्री, ठरलेलाच दिवस, फक्त अंतर अकरा पावलांचे. वाजंत्रीवाल्यांना ताल पकडायलाही वेळ मिळाला नाही. शंभर दिवसांचे एकशे तीस झाले, तुळई नवी आली, आणि आम्ही परतलो. सभागृहात आता धक्क्याची जुनी छायाचित्रे आहेत. चौकातली पाटी अजून तशीच आहे. बाण पाहून गेलेल्या माणसांना तिथला रखवालदार परत गल्लीत पाठवतो, आणि येताना माझ्यासाठी पेज आणा म्हणतो.

संग्रहालयाकडून एक जाणकार बाई आल्या होत्या. त्यांनी माझे वजन केले, वाकलेपण मोजले आणि आजीला म्हणाल्या, “दोन्ही तुकडे थोडे तासून तोल पूर्ववत करता येईल. अगदी घडवली तेव्हा होती तशी होईल.”

आजी म्हणाली, “बाई, मलाही पंचविशीची करता येईल का?”

“नाही.”

“मग तिला एकटीला कशाला? आम्ही बरोबरच्या आहोत.”

बाई समजूतदार होत्या. त्यांनी नुसते तेल चोळले.

मित्रांनो, माझ्यावर फार जणांचे उपकार आहेत. चिखलातून उचलणाऱ्या सुताराचे, बरणीचे, झाकणाचे, आणि एका पायावर उभ्या राहिलेल्या साहेबांचेही. तुमच्या घरी, गावात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला जरूर जपा. मात्र जपताना त्याचे काम काढून घेऊ नका. हात लागून झिजणे आम्हाला चालते. हात न लागता चकाकणे फार जड जाते.

देवळात परतल्यावर पहिल्या पहाटे कालवेवाली आली. ओली टोपली तिने पायरीवर ठेवली, हात पुसले, मला उचलले. तिचा नवरा दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या मोठ्या बोटीवर नोकरी धरायला निघाला होता. पगार चांगला होता, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न सुटणार होता. तिने प्रश्न फार नीट विचारला. हसायला जागाच ठेवली नाही.

मी पालथी पडले. दोन्ही तुकडे. ‘नाही.’

मला वाटले, आता पुन्हा टाकेल. अकरा वेळा टाकणारी मी पाहिली आहे. पण तिने मला दोन्ही हातांनी उचलून चौरंगावर ठेवले, बाहीने पुसले आणि तीनदा वाकून म्हणाली, “बरं झालं सांगितलंस, माय. मलाही तेच वाटत होतं.”

मग टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराकडे गेली. मित्रांनो, ‘होय’ म्हटल्याबद्दल संत्री पुष्कळ मिळाली. ‘नाही’ म्हटल्याबद्दल कोणी असे पुसून ठेवले, की शंभर वर्षांची नोकरी वसूल होते.